डाक

बत्तीस वर्षं उद्यमनगरात
वितळलेलं लोखंड साच्यात ओतलं,
घरी काही आणलं नाही.
ट्रॅक्टरचा गिअरबॉक्स शोकेसात कुठं ठेवणार?

आता जेवणाच्या टेबलाच्या अर्ध्या भागात माझा कारखाना:
काचांचे तुकडे, तांब्याची पट्टी, डाकेची तार.
उरलेला अर्धा इंदुमतीचा.
मैदा, लोणी, अंडी,
आणि गुळाची ढेप फोडायला माझीच जुनी हातोडी,
न विचारता नेलेली.
मधे हद्द म्हणून कालच्या पेपरची घडी.
ती रोज दोन बोटं माझ्याकडं सरकते.

काच कापत नाहीत, हे साठीनंतर कळलं.
नुसता एक ओरखडा काढायचा,
मग दोन्ही अंगठ्यांनी समजूत घालायची.
ऐकली तर ऐकली.
लोखंडाशी असं कधी बोलावं लागलं नव्हतं.

भट्टीचा ताप मी रंगावरून सांगायचो.
हिला ओव्हनवरचा आकडा पटत नाही,
दाराशी वाकून वास घेते:
"तांबूस झालाय, पण कच्चा आहे."
पहिला केक मधोमध खचला.
रंकाळा आधी खाण होता म्हणतात, तसा.
खड्ड्यात साय भरली
आणि दोघांनी अख्खं तळं संपवलं.

त्याच तळ्यावरची जांभळी पाणकोंबडी करतोय मी.
अंगाला लक्ष्मीपुरीत भंगारात मिळालेलं तावदान,
पाण्याला आमच्याच न्हाणीघराची खडबडीत काच.
तांबडी मात्र पायांपुरतीच होती,
आणि दुसरा पाय अंगठ्याखाली तिरका मोडला.

"एका पायावर उभारतात की ती पाखरं,"
पिठातले हात न काढता इंदुमती म्हणाली.
मी कागदावरचा दुसरा पाय खोडला.

वरचे मगदूम आले, चष्मा वर करून बघितलं.
"केवढ्याला देणार?"
द्यायचं नाही म्हटलं.
"मग केकचा भाव तरी सांगा, वहिनी."
तिनं बशी पुढं केली.
"मग करायलाय कशाला एवढं?"
काय सांगावं म्हणून आम्ही एकमेकांकडं बघितलं,
तोवर त्यांनी दुसरा तुकडा उचलला होता.

चारच्या उन्हात पाखरू खिडकीला टेकवलं,
डाक अजून गरम.
तिच्या गोळ्यावर जांभळा ठिपका पडला.
तिनं तो बोटानं पुसून बघितला,
तर तो मनगटावर चढला.

मग तशीच मळत राहिली.