केवळ प्रौढांसाठी

फलकावर 'केवळ प्रौढांसाठी' असं छापलं तडवळकर सरांनी
आणि झालं,
साखर पेठेतली सगळी मिसरूडं
सातच्या आत मागच्या रांगेत हजर.
सरांना म्हणायचं होतं एवढंच, की पोरंबाळं आणू नका,
मजकूर मरणाचा आहे.

मे महिना. सभागृहाला आठ पंखे,
तीन फिरतात, पाचवा नुसता बोलतो.
मी माइकवाला. माझं काम
कुणाचाही आवाज शेवटच्या खुर्चीपर्यंत नेऊन सोडणं.
अर्थाचं आपल्याकडं काही नसतं.

सोरखाबाई आयर्लंडच्या. पासष्टी उलटलेली,
जन्मभर कुठल्याशा बेटाच्या होडीची तिकिटं फाडलेली,
दोन दिवसांत सोलापूरचं ऊन नाकावर सोललेलं.
माइक बघून म्हणाल्या, नको.
आमच्यात हे स्वयंपाकघरात म्हणतात, चुलीकडं पाठ करून.
मी म्हटलं, बाई, इथं बाहेर रिक्षा आहेत.
तेव्हा कुठं राजी झाल्या,
तेही स्टँड दोन वीत लांब सरकवून.

मग सुरू झाल्या. इंग्रजी नव्हे, त्यांची ती आयरिश,
गालात खडीसाखर धरून बोलल्यासारखी.
हात खाली, पाय जागच्या जागी.
एक सुतार आपली शवपेटी आपणच करतो.
मापाला बायकोला निजवतो, उंची सारखीच दोघांची.
ती आतून म्हणते, ऐसपैस आहे की,
खांद्यापाशी तेवढा रंधा मार.
तो रंधा मारतो. भुसा उडतो. ती शिंकते.

दहा ओळी झाल्या की बाई थांबायच्या,
सर कागद हुडकून मराठी करायचे,
त्यामुळं हसू दोनदा यायचं.
एकदा डाव्या अंगाला, तिथल्या तिथं.
मग उरलेल्या सभागृहात, सरांच्या परवानगीनं.

डाव्या अंगाला बसल्या होत्या पूर्व भागातल्या म्हाताऱ्या,
फुकट पासवाल्या,
त्यात माझी आई, व्यंकम्मा चिप्पा.
चाळीस वर्षं मागांच्या शेडात कांड्या भरल्या,
कान तिथंच ठेवून आली.
त्या खडखडाटात बाया बोलायच्या
ओठांनी, भुवयांनी, कोपरानं.
सासूची चुगलीसुद्धा मुकादमासमोर, बिनआवाजी.
आता ती बघत होती सोरखाबाईंच्या तोंडाकडं,
दोरा तुटतोय का बघावं तशी.

'आणि ती शांत झोपी गेली,' सर म्हणाले, 'आभारी आहे.'
टाळ्या. मिसरूडं केव्हाच उठून गेलेली,
एकटा बसून होता. का, ते मी विचारलं नाही.

रिक्षात, वायरींचं भेंडोळं मांडीवर घेऊन
आई म्हणाली, निद्रपोलेदु.
झोपली नव्हती ती.
मिटून घेतले डोळे, नवऱ्याचं काम पुरं व्हावं म्हणून.
मरायचं तिलाच होतं की रे.
मी म्हटलं, सरांनी असं काही वाचलं नाही.
तर म्हणते, सर कागदात बघत होते.

सकाळी लॉजवर गेलो, बाईंचा चष्मा राहिला होता.
शेंगा चटणीनं डोळ्यांत पाणी आणून बसलेल्या.
मोडक्या इंग्रजीत विचारलं.
त्यांनी भाकरी खाली ठेवली.
ती ओळ कुठं लिहिलेली नाही, म्हणाल्या,
आजी नुसत्या पापण्या मिटायची शेवटाला,
मीही तेवढंच करते.
इतक्या गावांत म्हटलं, कुणी विचारलं नव्हतं.
आणि चप्पल शोधू लागल्या.

आमच्या खोलीत दोघी समोरासमोर.
पंखा बंद, लाइट गेलेली, मला काही कामच नाही.
सोरखाबाईंनी हातानं विचारलं, मागाचा आवाज किती असायचा?
आई काहीतरी म्हणाली, आवाज न काढता, लांबलचक.
बाई आधी हसल्या.
माझं हसू अजून यायचं आहे.