शून्य त्रुटी

उद्या फिजिक्स. सहामाही. पन्नास मार्क.
दहावीपर्यंत ज्याला त्वरण म्हणत होते
त्याला आता अ‍ॅक्सिलरेशन म्हणायचं.
क्लासचे दांडेकर सर म्हणतात, शब्द सोड, दिशा बघ.
दिशाच तर कळत नाही.
वर जाणाऱ्या लिफ्टमधला माणूस जड होतो की हलका,
तीनदा सोडवलं, तीनदा चिन्ह बदललं.
माझ्या वहीत माणूस म्हणजे एक चौकोन,
एक बाण डोक्यावर, एक पायाखाली.

पावणेअकराला अण्णांचा फोन वाजला.
कोलशेत रोड, बी विंग, लिफ्ट सतराव्यावर अडकलीय,
आत कुणी नाही, नुसती एक सायकल.
अण्णा चपलेत पाय घालत म्हणाले, येतेस?
आई म्हणाली, परीक्षा आहे तिची.
लिफ्टचीच आहे ना, अण्णा म्हणाले.

टिपणीस काकूंकडे वजनकाटा मागितला.
"आत्ता? अगं, वजन सकाळी उपाशीपोटी बघावं."
स्कूटरवर मी काटा मांडीवर घेऊन बसले.
सावरकरनगर ते कोलशेत,
खड्ड्याखड्ड्याला तो माझ्या हाताखाली दचकत होता.

अण्णांना पाऊण तास लागला.
अठ्ठावीस मजल्यांची बिल्डिंग,
आणि दाराच्या खाचेत पिस्त्याचं एक टरफल.
ते खिशात टाकून म्हणाले,
चल, आता तुझा पेपर.

काट्यावर उभी राहिले. बेचाळीस.
बटण दाबलं. निघताना शेचाळीस.
मग बेचाळीस, बेचाळीस, मजल्यांमागून मजले बेचाळीस,
आणि सत्ताविसाव्यापाशी अडतीस,
रात्रीचं जेवण क्षणभर माझ्याशिवायच वर गेलं.
येताना उलट.
सहा फेऱ्या मारल्या.
चिन्हं मी लावली नाहीत,
तळपायांनी लावली.

अण्णा भिंतीला टेकून डोळे मिटून होते.
लिफ्ट ते कानांनी बघतात.
"चौदाव्यावर रेल कोरडी आहे."
पुस्तकात म्हटलंय, घर्षण नगण्य माना.
"मी मानलं असतं
तर तुझी फी कुणी भरली असती?"

मग शेवटचा उपप्रश्न वाचून दाखवला.
दोर तुटला, तर काटा किती वजन दाखवेल?
एका शब्दाचं उत्तर, एक मार्क.
अण्णा गप्प झाले, आणि मग रागावलेच.
तुटला म्हणजे?
पाच दोर असतात. एकेकटा सगळी लिफ्ट पेलतो.
खाली जबडे असतात,
वेग वाढला की रेल धरतात,
कुत्रं लेंगा धरतं तसे, सोडत नाहीत.
ड्युटी कुणाची होती? लॉगबुक कुठाय?
आत माणूस होता?
होता, मी म्हटलं. साठ किलोचा.
त्यांनी माझ्याकडे बघितलं.
"नाव?"

नाव नाही दिलेलं, अण्णा.

बराच वेळ आम्ही तळमजल्यावर उभे होतो,
दार उघडं, मिटतंय, पुन्हा उघडतंय.
मी काट्यावरून उतरले.
तो मागे आला, पण शून्यावर नाही,
अर्ध्या किलोपाशी थांबला,
कुणीच उभं नसताना.
शून्य त्रुटी म्हणतात याला,
प्रॅक्टिकलला शिकवलंय,
प्रत्येक वाचनातून तेवढं वजा करायचं.

अण्णांनी वॉचमनच्या रजिस्टरात लिहिलं,
टरफल काढले. चौदावा मजला, रेलला तेल. बारा वीस.
मी त्याच टेबलावर वही उघडली,
उत्तर लिहिलं, शून्य,
आणि ओळीत जागा उरली होती म्हणून
पेन्सिलने, बारीक अक्षरात: दोर पाच.
पेपरात हे लिहायचं नसतं, ठाऊक आहे.

घरी आलो तेव्हा काकूंचा दिवा गेला होता.
काटा त्यांच्या दाराशी, पायपुसण्यावर ठेवला,
अंधारात,
कुणाचं तरी अर्धा किलो धरून.