तांडेलाचा विनोद

विनोद काय होता ते मला आजही सांगता येणार नाही.
थाई भाषेतला होता, आणि मला तेव्हा थाई
ओढ, ऊठ, मेलास का, एवढीच यायची.
पण विनोद संपला की तांडेल
दोन्ही तळवे मांड्यांवर आपटायचा.
तिथे हसायचं,
हे पहिल्या आठवड्यातच कळलं.

लाकडी बोट. तेरा खलाशी.
कागदावर माझं नाव प्रसोंग होतं,
फोटो कुणा भलत्याचाच.
मासळी घ्यायला मोठं जहाज यायचं,
तेच तांदूळ टाकून जायचं, तेच डिझेल,
म्हणून किनाऱ्याची गरजच कुणाला पडायची नाही.
चार वर्षं मी जमिनीवर पाय ठेवला नाही.
अंगावर खवले चिकटून सुकायचे,
रात्री खाजवताना नखांत चमकायचे,
आणि मला वाटायचं, उगवताहेत.

कसा तगलास, असं इथे सगळे विचारतात.
मठातले म्हातारे भिक्खू विचारतात.
शहरातून एक बाई दोनदा आली, तिनं लिहून घेतलं.
त्यांना वाटतं, मी काहीतरी घट्ट धरून ठेवलं असणार,
पॅगोड्याचा कळस, आईचा चेहरा,
एखादं मोन गाणं.
आईचा चेहरा दुसऱ्याच वर्षी पुसट झाला.
मी हसून तगलो, एवढंच.
वेळेवर हसून.
बोटं बर्फात बधिर झालेली असताना,
पाठीवर पाकटाची शेपटी उमटलेली असताना,
तळवे मांड्यांवर पडायच्या क्षणभर आधी,
म्हणजे त्याला वाटावं, याला खरंच कळला.
त्याबद्दल मला वरचा भात मिळायचा.
खरवड नव्हे, वरचा.
मी खाल्ला.

थेट पाइंगला हसता यायचं नाही.
इरावतीच्या मुखाकडचं पोर, सतरा-अठराचं,
दात पुढे, त्यामुळे एरवी
गप्प असला तरी हसल्यासारखाच दिसायचा.
त्या रात्री मात्र तो नुसता बघत राहिला.
तांडेलानं विनोद पुन्हा सांगितला.
सावकाश, बाळाला घास भरवावा तसा.
पोरगा बघत राहिला.
तिसऱ्यांदा सांगून झाला तेव्हा
तो कठड्याच्या पलीकडे होता
आणि आम्ही बारा जण हसत होतो.
माझा आवाज त्यात मोठा.
पाण्यात पडल्याचं मला ऐकू आलं नाही,
कारण मी हसत होतो.

परत आलो त्याला सहा वर्षं झाली.
जाळ्याला हात लावत नाही. पहाटे रबराच्या झाडांना
चिरा पाडतो, वाट्या बांधतो, चीक गोळा करतो.
लोक म्हणतात, नाइ सोन म्हणजे आनंदी माणूस.
मळ्याचा मालक ओरडला की मी हसतो.
भर चढावर मोटारसायकलचा टायर फुटला, मी हसलो.
सासऱ्यांच्या चितेपाशी
कुणीतरी मांडीवर हात मारून डास मारला,
आणि मी,
मि थाउंगनं माझं मनगट धरलं
ते घर येईपर्यंत सोडलं नाही.
तिनं विचारलं नाही. मी सांगितलं नाही.

काल होंसार शाळेतून विनोद घेऊन आली.
बेडकाचा आणि नावाड्याचा.
लांबलचक, मधेच विसरलेला,
'थांबा थांबा' म्हणत मागे जाऊन पुन्हा धरलेला.
शेवटी तिनं माझ्याकडे पाहिलं.

'बा, कळला नाही?'
'कळला.'
'मग?'
'तेवढा चांगला नव्हता.'

ती फुरंगटून दारात जाऊन बसली.
मी तसाच, तोंड मिटून,
पाठ ताठ करून वाट बघत होतो.
चुलीवर भात रटरटत होता.
शेजारचं कुत्रं आलं, हुंगून गेलं.
मी वाट बघत होतो.
भात उतू गेला.
'अरे झाकण काढ की,' मि थाउंग आतून म्हणाली.
मी उठून झाकण काढलं.