चौथा नंबर

गुरुवारची रात्र, सोहारचा कॅम्प, खोली बावीस.
सहा पलंग, दहा माणसं,
एसीचं पाणी तेलाच्या रिकाम्या डब्यात ठिबकतंय
आणि विषय एकच : मुबीन.

सलग पाच सामने हरलोय.
गेल्या शुक्रवारी बलुची पोरांनी
आठ षटकांत धुऊन वाळत घातलं आम्हाला
वादीच्या काठावर, भर सकाळी.
मुबीन टिसेकर : शून्य, चार, एक, शून्य, दोन.
मी सांगतो म्हणजे खरंच असणार,
वही माझ्याकडे असते.
एरवी स्टोअरमध्ये नट-बोल्ट मोजतो,
शुक्रवारी धावा.

घाग म्हणाला, बसवा त्याला.
एकदा खाडीत घोळ लागला
म्हणून जन्मभर त्याच खडकावर
गळ टाकून बसायचं का?

सुलेमान उठलाच. म्हणाला,
फायनलला सहा चेंडूंत सव्वीस कोणी काढले?
तुझ्या मेव्हण्याने?
तो चेंडू पाण्याच्या टँकरवर आदळला होता,
पोचा आहे अजून, जाऊन बघ.

पोचा आहे, घाग म्हणाला,
टँकर मात्र गेल्या वर्षीच भंगारात गेला.

खेडचा सुशांत, येऊन तीन महिने झालेत,
हळूच म्हणाला, सातव्या नंबरावर पाठवू या त्यांना.
मग चौथ्यावर कोण, ते त्याने सांगितलं नाही.
सगळ्यांनी त्याच्या नव्या ग्लोव्हजकडे पाहिलं.

दारातून बीजूने डाव हलवला :
नको असेल तर आम्हाला द्या,
आमच्या टीममध्ये हरायलाही कोणी धड नाही.
तेवढं हसणं झालं.

मग कोणीतरी म्हणालं, रिलीज करून टाका.

आणि खोली गप्प झाली.
हा शब्द इथे खेळाचा नाही.
प्रोजेक्ट संपत आलंय, ऑफिसात यादी बनतेय,
सोळा नावं म्हणे, कोणी म्हणतं बावीस.
डब्यात थेंब पडला तो सगळ्यांनी ऐकला.

मुबीन खोलीत नव्हता. शटडाऊनवर होता, रात्रपाळीला.
खिडकीतून दिसत होती ती निळी ठिणगी,
लागते, विझते, लागते,
एकोणीस वर्षं.

मी काहीच बोललो नाही.
वहीत धावांशेजारी मी आणखीही लिहितो,
कोण कसा बाद, कुठल्या टोकाकडून.
पाचही वेळा त्रिफळा.
पाचही वेळा डाव्या हाताचा गोलंदाज,
चेंडू डोळ्याच्या त्याच बाजूने आत आलेला.
आणि परवा, बाद होऊन येताना, त्याने मला विचारलं
किती झाल्या रे?
फळा त्याच्या समोर होता,
वीतभर आकडे, खडूने, मीच लिहिलेले.

पुढच्या महिन्यात त्याचं मेडिकल आहे.
हे या खोलीत बोललो तर
पहाटेपर्यंत मेसमध्ये जाईल,
नाश्त्यापर्यंत फोरमनकडे.
म्हणून फॉर्म गेलाय म्हणू देत.
फॉर्म परत येतो असं लोक मानतात.
पण बांधकामाखाली तो कधी उभा राहिला,
कोणत्या सांध्याला त्याचा हात थरथरला,
हे मला कोण सांगणार?
तिथली वही माझ्याकडे नाही.

बारा वाजता घाग दमला.
म्हणाला, संघ तूच लिही, अक्षर तुझं चांगलं आहे.
मी अकरा नावं लिहिली.
चौथ्याशी पेन थांबलं.
मग पेन ठेवलं, पेन्सिल घेतली.

पहाटे पाचला तो आला,
तसाच, धुरकट कपड्यांत, डोळ्यांवर ओला रुमाल.
पलंगाच्या कडेवर बसून म्हणाला,
आहे ना मी?

मी वही त्याच्यापुढे धरली.
त्याने ती हातात घेतली,
जवळ नेली, आणखी जवळ,
आणि बराच वेळ वाचल्यासारखं करून
म्हणाला, बरं.