शेकडा एक

वीस वर्षं नाशिकला येणं-जाणं,
पांडवलेणी मात्र कायम एसटीच्या खिडकीतून.
आज पाथर्डी फाट्याला उतरले.
दोनशेच्या वर पायऱ्या, दोनदा दम,
एकदा माकडाने फुटाण्यांची पुडी नेली.

दहाव्या लेण्याच्या ओसरीत
भिंतीवरच्या अक्षरांकडे हनुवटीनेच दाखवत
पहारेकरी खैरनार म्हणाला,
"पांडवबिंडव कुणी नाही यात, बाई. हिशेब आहे.
गोवर्धनच्या विणकरांकडे ठेव ठेवली,
दोन हजार नाणी, महिना शेकडा एक.
व्याजातून वीस भिक्षूंना वस्त्रं, दरेकी बारा.
मुद्दलाला हात लावायचा नाही."

पतसंस्थेत एकतीस वर्षं
मी दुसरं काय लिहिलं?
निळ्या शाईत,
वाळवीने आधी उघडलेल्या खातेवह्यांत.

गार ओट्यावर बसले, चपला बाजूला.
बोटं आपोआप चालू झाली:
महिन्याचे वीस,
वर्षाचे दोनशे चाळीस,
वीस जण, बारा-बारा.

जुळलं.
एक नाणं इकडे नाही, तिकडे नाही.

कोरणाऱ्याचा हात कुठेच घसरला नव्हता.
खाली हायवेवर ट्रक कांदा घेऊन चालले होते.

"फोटो काढू का?" खैरनार.
थांबा, म्हटलं,
परत एकदा मोजते.