तेराचे पंधरा

निवृत्तीच्या आठवड्यात चार खोकी आली,
पाठवणारा : निषाद मेंढे, बंगळूर.
आत थर्माकोलच्या कुशीत चार अलॉय,
इतके चकचकीत
की चौकीदाराने त्यात बघून मिशी विंचरून घेतली.
"आई, तुझ्या एस्टीमला नवे बूट," फोनवर म्हणाला.
बूट.
त्याच्या पायाचं माप मला
दहावीपर्यंत तोंडपाठ होतं.

घाट रोडवर हेमराज टेंभरेने एक चाक उभं केलं
जुन्याच्या शेजारी,
आणि बराच वेळ बघत राहिला,
सोयरिकीला आल्यासारखा.
"मॅडम, तेराचे पंधरा कराले सांगतलं कोनं?"
"पोराने."
"मंग बसवा लागते."
आणि त्याने चहा मागवला.

पहिल्याच चाकाला स्टड तुटला.
सत्तावीस वर्षांचा गंज, आणि आवाज एवढासा,
अडकित्त्यात सुपारी फुटावी तसा.
त्याच्या हाताखालच्या पोट्ट्याने तुकडा माझ्या तळव्यावर ठेवला,
दाताच्या डॉक्टरसारखा.
मग नट बसेनात.
मग कळलं, चाकाचं मधलं भोक हबपेक्षा मोठं.
"किती मोठं?"
हेमराजने कानावरची पेन्सिल काढून फटीत घातली.
"एवढं."

एकतीस वर्षं फिजिक्सच्या लॅबमध्ये
पोरांच्या हातून पडलेले व्हर्निअर मी उचलले.
निरोपाच्या दिवशी त्यातला एक माझ्या पर्समध्ये आला,
कसा ते विचारू नका.
हब : चोपन्न पूर्णांक एक.
चाक : सदुसष्ट पूर्णांक एक.
झिरो एरर वजा करूनही
तेरा मिलिमीटर नुसती हवा.
"चाक हबवर बसाले पायजे जी, बोल्टाईले लटकून नाही.
त्याले कडी लागते."
प्लास्टिकची मिळत होती.
मे महिन्यात, नागपुरात, ब्रेकच्या शेजारी?
हेमराजने नुसतं वर आभाळाकडे पाहिलं.

शेवटी लेथवर ॲल्युमिनियमच्या चार कड्या उतरल्या,
एकेक तान्ह्याच्या वाळ्याएवढी.
चारही मोजल्या. तिसरी परत करायला लावली.
लेथवाला रागावला,
पण केली.

आता गाडी छान दिसते. सगळेच म्हणतात.
मागे तिघे बसले की चाक फेंडरला घासतं,
पूर्ण वळवली की पुढूनही फर्र...
पार्किंगमध्ये स्टिअरिंग फिरवणं म्हणजे
पाटा उचलून ठेवणं.
काटा म्हणतो पन्नास, असते चोपन्न.
या वयात वय चोरायला शिकली.
निषाद विचारतो, मस्त पळते ना?
मी फोटो पाठवते.
फोटोत आवाज येत नाही.

परवा हिंगणा रोडला, पाच वाजता,
चव्वेचाळीसच्या उन्हात मागचं डावं चाक बसलं.
डिकीत तेरा इंचाची स्टेपनी होती,
या सगळ्या सोहळ्यात जिला कुणी विचारलंच नव्हतं.
जुने नट मी बिस्किटाच्या डब्यात ठेवले होते,
तेही निघाले, पाचातले चार.
कडी तापून हबला चिकटलेली,
ओढणीत धरून ओढली तरी चटका बसला.
आणि मग जुनं चाक
अंधारात बटण सापडावं तसं
जागेवर गेलं.

गाडी एका कुशीला कलली.
ऑटोवाले वळून बघत होते.
तशीच आणली घरी, तिरक्या मानेने, हळूहळू,
काटा काय म्हणतोय ते न बघता.

कडी पर्समध्येच राहिली, व्हर्निअरपाशी.
रात्री फोन.
"आई, पुढच्या महिन्यात सीट कव्हर पाठवतो, लेदरची.
मॉडेलचं वर्ष सांग फक्त."
मी म्हटलं, थांब.
तुझ्या बुटाचा नंबर आता किती आहे रे?