तळ

दोन रात्रींसाठी थांबलो होतो नेआफूला.
पंप दुरुस्त करायचा, पाणी भरायचं, निघायचं.
त्याला आता नऊ वर्षं झाली.

पंप अजून गळतोच.

योरिसने नकाशाच्या टेबलावर यादी चिकटवली आहे:
डिझेल. दोर. मोठ्या शिडाची उसवलेली शिवण.
साठ अंडी, व्हॅसलीन लावून, रोज उलथायची.
मी विचारलं, आणि मला कोण उलथणार रोज?
तो हसला नाही. हवामान ऐकत होता.

नोव्हेंबर लागला. वादळांना नावं ठेवायचे दिवस.
दक्षिणेला बाराशे मैल,
आणि वाटेत एक प्रवाळाची रेघ,
ओहोटीला असते, भरतीला नसते.

तिकडच्या बंदरात मध चालत नाही,
बी चालत नाही, माती तर नाहीच,
बुटाच्या तळव्याला लागलेलीसुद्धा.
म्हणून काल जुन्या टूथब्रशने बूट घासले
आणि बाजाराची वाट, शाळेमागचा चढ,
आना सेईनीचं अंगण
बादलीत गढूळ होऊन बसलं.
ते पाणी कुठे ओतावं कळेना.
शेवटी तिच्याच मिरचीच्या कुंडीत ओतलं
आणि कुंडी तिला नेऊन दिली.
तिने ती अशी घेतली
जशी उसनी गेलेली वाटी परत यावी.
रोप तिचंच होतं, खरं म्हणजे.

तिच्या भाषेत जमिनीला जो शब्द
तोच बाळामागून येणाऱ्या वारेला.
इथे ती पुरतात. तिची कुठे आहे
ते तिने मला दाखवलं होतं, फणसाखाली,
बोट न दाखवता, नुसती हनुवटी उचलून.
आमची नाळ होडीच्या पुढे असते,
मी तिला म्हणाले, लाटा कापते.
तिला ते दुःखाचं वाटलं. तिने मला
आणखी एक चटई दिली.

साखळी मात्र सुटेना.
विंच कण्हला, वास सोडला, थांबला.
नांगर म्हणे. नऊ वर्षांत त्याने
वावभर वाळूही नांगरली नव्हती,
तरी खाली काहीबाही उगवलेलंच.

सेमिसी उतरला. काच, सुरी, एक श्वास.
बुडबुडे आले, मग यायचे थांबले.
आम्ही दोघे एकाच कठड्यावरून वाकलो
आणि होडी त्या बाजूला कलली.

वर आला तो पिशवी भरून:
एक कान तुटलेला कप. दोन चमचे.
माझा वाचायचा चष्मा,
डाव्या काचेवर चिमुकलं शिंपलं बसलेलं.
आणि तेरा नंबरचा पाना.

तोच.
ज्यावरून पाचव्या वर्षी अख्खा पावसाळा
मीठ दे, दोर धर,
एवढंच बोललो होतो एकमेकांशी.
मी म्हणाले होते, तू कुणाला तरी दिलास.
तो म्हणाला होता, तू कुठेतरी ठेवलास.
पाना तिथेच होता,
आम्ही पाठ करून झोपायचो
त्याच्या बरोब्बर खाली, पंधरा मीटरवर.

अजून पुष्कळ आहे तळाशी, सेमिसी म्हणाला. आणू?
योरिसने माझ्याकडे पाहिलं.
राहू दे, मी म्हणाले. वजन होईल.

उद्या रविवार. रविवारी इथे कुणी
दोरसुद्धा सोडत नाही. देवळातलं गाणं
पाण्यावरून येईल, चार आवाजांत,
आम्ही ते नेहमीसारखं डेकवर बसून ऐकू,
नेहमीसारखे थोडे चोरासारखे.
सोमवारी शिक्का.

साखळी मोकळी आहे, नांगर मात्र खालीच.
एवढ्यानेही होडी वेगळी फिरते आहे.
रात्री जाग आली तर खिडकीत, जिथे नऊ वर्षं
धक्क्याचा हिरवा दिवा असायचा,
तिथे डोंगर होता. नुसता, काळा.
आणि इंजिनाखालून धातूचा आवाज.

बसला का पाना? मी अंधारातच विचारलं.

बसतोय, तो म्हणाला. गंजलाय,
पण बसतोय.